भिंतीला घाम का फुटतो?

जुलै महिन्यात आमच्या होस्टेलवर तीन गोष्टी हमखास होतात. मेसचा पापड वातड होतो, कपाटाचं दार बंद होईनासं होतं, आणि पलंगाखाली ठेवलेल्या चामड्याच्या बुटांवर पांढरी बुरशी येते. गेल्या वर्षी माझ्या कॉम्प्सवाल्या रूममेटनं कपाटाला लाथ घालत विचारलं, "तू सिव्हिलचा ना? मग सांग, हे दार फुगतं का?" मी व्हायव्हात देतो तसं तोंडावर उत्तर फेकलं, "हवेतला दमटपणा!" तो गप्प झाला, पण मी मात्र अस्वस्थ झालो. कारण याच अर्धवट उत्तराच्या भरवशावर मी आमच्या घराचा एक वासा जवळजवळ घालवला होता. आणि त्या घरात माझी आजी झोपते.

तेव्हा मित्रांनो, हा लेख म्हणजे थोडी माहिती आणि बराचसा कबुलीजबाब आहे.

आमचं घर शीव कोळीवाड्यात. हार्बर लाइनवरच्या स्टेशनाचं नाव आता गुरु तेग बहादूर नगर, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून 'कोळीवाडा स्टेशन' असंच म्हणतात. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथं संपायचं आणि पलीकडे खाडी ओलांडली की साष्टी सुरू व्हायची. घर पणजोबांनी बांधलेलं. सागाचे आठ खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट, कडीपाटावर पोटमाळा आणि सगळ्याच्या डोक्यावर मंगळुरी कौलं. तळमजल्याच्या भिंती विटांच्या, चुन्यात रचलेल्या. त्यांवर भार असा काही नाही, खांबांमधली जागा भरायला त्या आहेत. पोटमाळ्याच्या भिंती तर नुसत्या फळ्यांच्या. म्हणजे पुस्तकी भाषेत पक्कं 'टिंबर फ्रेम स्ट्रक्चर'! पण हे मला कळलं ते इंजिनिअरिंगला आल्यावर. त्याआधी ते फक्त आमचं घर होतं.

आता आधी लाकडाविषयी दोन शब्द.

लाकूड हे स्पंजासारखं असतं असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. लाकडात पाणी दोन प्रकारे राहतं. एक, पेशींच्या भिंतीत मुरलेलं. दुसरं, पेशींच्या पोकळीत मोकळं साठलेलं. हवेतून लाकूड फक्त पहिल्या प्रकारचं पाणी घेतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत हा ओलावा मोजतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ वर, आणि ९० टक्के झाली तरी २० च्या आसपासच. पेशींच्या भिंती पूर्ण भरतात त्या २८-३० टक्क्यांना. त्याला तंतु-संपृक्तता बिंदू म्हणतात (नाव भयंकर आहे, पण परीक्षेत येतं). त्याच्या पुढचं पाणी हे मोकळं पाणी. ते हवेतून येत नाही. ते यायला प्रत्यक्ष पाणीच लागतं: गळती, शिंतोडे, जमिनीतून चढलेली ओल किंवा थंड पृष्ठभागावर जमलेलं दव.

आता दुसरी बाजू बघा. लाकूड कुजवणारी बुरशी २० टक्क्यांच्या खाली काम करत नाही. तिला नीट फोफावायला २६ ते ३० आणि त्यापुढचा ओलावा लागतो. मुंबईच्या भर पावसातल्या हवेनं लाकूड जातं १७-१८ टक्क्यांवर. म्हणजे नुसत्या दमट हवेनं लाकूड फुगेल, दार अडकेल, पण कुजणार नाही! भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत. सगळ्यात दमट विभागात तुळया, वासे, खांब यांना २० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो असं त्यात धरलेलं आहे. ते उगाच नाही.

बुटावरची बुरशी वेगळी. ती पृष्ठभागावरची, धुळीवर आणि चामड्यातल्या तेलावर जगणारी. तिला ८० टक्क्यांच्या वरची हवा पुरते. ती दिसते घाण, वासही घाण, पण लाकडाचं बळ ती खात नाही. फडक्यानं पुसून खिडकी उघडली की गेली. खरी कुज ही बहुतेकदा दिसतच नाही, रंगाच्या आड, प्लास्टरच्या आड चालते. माणूस दिसणाऱ्या बुरशीला घाबरतो आणि न दिसणाऱ्या कुजीवर वॉलपेपर लावतो. (होस्टेलच्या कपाटाचं सांगायचं राहिलं. ते लाकूड नव्हेच, भुशाचं दाबून केलेलं बोर्ड आहे. कडेची पट्टी निघाली की तिथून पाणी पितं, आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. ओले टॉवेल दारावर वाळत घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

हे सगळं आमच्या घरात कुणाला तरी आधीच माहीत होतं. आजोबा होते तेव्हा ते म्हणायचे, "होरी खाऱ्या पान्यान नाय कुजत रं, गोऱ्या पान्यान कुजते." गोऱ्या म्हणजे गोड्या. लहानपणी मला तो विनोद वाटायचा. पण ते शब्दशः खरं आहे. मिठानं कुजवणाऱ्या बुरशीची वाढ खुंटते. समुद्रात लाकडाला धोका असतो तो पोखरणाऱ्या किड्यांचा. कुज मात्र लागते ती नावेत साठलेल्या पावसाच्या पाण्यानं, फळीच्या सांध्यात, जिथं वारा पोचत नाही तिथं. म्हणून पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांवर आच्छादन घालायचं, पण दोन्ही टोकं मोकळी ठेवायची. आणि लाकडाला माशाचं तेल पाजायचं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. साग म्हणजे काय चीज आहे ते यावरून कळावं. पण त्यातही गाभा टिकतो. बाहेरचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी कुजतं आणि वाळवीही त्याला लागते.

आता कबुलीजबाब.

मे २०२३ मध्ये दादाचं लग्न ठरलं. पोटमाळ्याची खोली नव्या जोडप्यासाठी करायची म्हणून एसी आला. फळ्यांच्या भिंतीत एसी लावायचा म्हणजे फटी बुजवल्या पाहिजेत, आणि आत प्लायवूडचं पॅनेलिंग पाहिजे असं ठरलं. मी तेव्हा नुकतंच पहिलं वर्ष संपवलेला, म्हणजे आत्मविश्वास सगळ्यात जास्त असण्याचा काळ. लायब्ररीतून एक जाडजूड अमेरिकन पुस्तक आणलं होतं. त्यात भिंतीचा छेद काढून स्पष्ट दाखवलं होतं: लाकडी चौकटीच्या आतल्या बाजूला, प्लायच्या मागे, प्लास्टिकचा कागद लावा म्हणजे बाष्प भिंतीत शिरणार नाही. मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे शास्त्रीय आहे." बाबांनी आणला जाड पॉलिथीन. सुतारमामा म्हणाले, "लाकडाला श्वास राहणार नाही हो." मी हसलो. लाकूड काय श्वास घेतं का, असं म्हणालोसुद्धा.

पुस्तक चुकीचं नव्हतं. ते बर्फाळ मुलखासाठी होतं. तिथं हिवाळ्यात बाहेर उणे १० अंश, आत २१ अंश आणि ४० टक्के आर्द्रता. आतल्या हवेचा दवबिंदू साधारण ७ अंश. ही ऊबदार, बाष्पाची हवा भिंतीतून बाहेर जायला बघते, वाटेत थंड फळी लागते आणि तिथं पाणी होतं. म्हणून तिला आतच अडवायचं. नियम असा की अडसर गरम बाजूला.

मुंबईत गरम बाजू कुठली? जुलैत बाहेर ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. या हवेचा दवबिंदू येतो २६ अंशांच्या किंचित वर. म्हणजे २६ अंशांपेक्षा थंड असलेली कुठलीही वस्तू या हवेत आली की तिला घाम फुटणार, कोल्ड्रिंकच्या बाटलीला फुटतो तसा. बाष्पदाबाचा हिशेब केला तर बाहेर साधारण ३४ मिलिबार, आणि २४ अंशांवर एसी चालणाऱ्या खोलीत १६ च्या आसपास. दुप्पट दाबानं बाष्प बाहेरून आत ढकललं जातंय. आणि मी अडसर लावला होता आत, थंड बाजूला! फळ्यांच्या फटींतून पावसाळी हवा आत येणार, प्लायमागच्या थंडगार पॉलिथीनला टेकणार, तिथं पाणी होणार, आणि ते पाणी पॉलिथीनवरून ओघळत खालच्या आडव्या दांडीवर जमणार. आत यायला प्लास्टिक, बाहेर जायला दादानं हौसेनं मारलेला ऑइलपेंट. दोन्हीकडून बंद.

त्यात दादा एसी २० वर ठेवायचा.

लक्षात घ्या, एवढी वर्षं त्या पोटमाळ्यात आर्द्रता काही कमी नव्हती. पण आत-बाहेर तापमान एकच होतं. दोन्हीकडे ३० अंश असतील तर दव पडायला जागाच नाही. हवा फटींतून यायची आणि फटींतूनच जायची. एसी आला आणि भिंतीची दिशाच बदलली. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, फ्लोरिडासारख्या दमट राज्यांतल्या हॉटेलांत हीच चूक व्हिनाइल वॉलपेपरनं झाली होती. आत एसी, भिंतीवर रबरासारखा वॉलपेपर, आणि त्याच्या मागे काळीगुलाबी बुरशी. म्हणजे मी एकटाच नव्हतो. पण हे मी नंतर वाचलं.

पहिल्यांदा कळलं ते आजीला. जुलै २०२४. मी शनिवारी घरी गेलो तर ती म्हणाली, "भिजल्या होरीसारा वास येतंय रं बाला." मी म्हटलं पावसाळा आहे, येणारच. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग मी कॉलेजच्या लॅबमधून परवानगीनं मॉइश्चर मीटर नेला. दोन सुया लाकडात टोचायच्या आणि विद्युतरोधावरून ओलावा वाचायचा, साधं यंत्र आहे. प्लायचा एक तक्ता काढला. पॉलिथीनच्या मागच्या बाजूला थेंब दिसत होते, आणि खालच्या दांडीवर आकडा आला ३३. टोच्या घातला तर पांढऱ्या भागात अर्धा इंच लोण्यासारखा गेला. त्या दांडीवर छपराचा एक वासा टेकलेला, आणि वाशाच्या टोकालाही काळे डाग.

मला वाटलं सापडलं. पण वास खालच्या खोलीतही होता. म्हणून खाली, आजीच्या पलंगाशेजारच्या खांबाला, फरशीच्या लगत सुया टोचल्या. काटा चाळीसच्या पुढे. (३० च्या वर हे मीटर फारसं अचूक नसतं, आणि लाकडात मीठ असेल तर आकडा फुगवून दाखवतं. पण टोच्या खोटं बोलत नाही. तो दोन इंच आत गेला.) इथं ना एसी, ना पॉलिथीन. हा घोटाळा माझा नव्हता, याचा आनंद मानायचा की नाही ते कळेना.

हे प्रकरण समजायला जरा खाली वाकून बघावं लागतं. जुन्या बांधकामात खांब कधीच जमिनीत पुरत नसत. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब. तळखडा जमिनीपासून वीतभर वर. घडीव दगड ओल फारशी चढू देत नाही, त्यामुळे लाकूड कोरडं. आमच्याकडे आठही तळखडे होते. पण बाहेरची गल्ली दर काही वर्षांनी काँक्रीट होते, आणि प्रत्येक वेळी जुन्या थरावर नवा थर येतो. गल्ली वर आली, जोतं खाली गेलं. मग पाणी घरात यायला लागलं, म्हणून आम्ही घरातली जमीन उचलली. आधी कोबा, मग त्यावर मोझॅक, मग लग्नाच्या वेळी व्हिट्रिफाइड. तळखडा कधी गाडला गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. खांबाचा पाय आता कोब्यात उभा! उभ्या लाकडाचं खालचं टोक म्हणजे हजारो स्ट्रॉची जुडीच असते. तिथून पाणी जितक्या वेगानं शिरतं तितकं बाजूनं शिरत नाही.

भिंतीतही तेच. केशाकर्षणाचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे. एक मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत पाणी कागदावर १४-१५ मीटर चढतं. प्रत्यक्षात विटांच्या भिंतीत ओल मीटरभर चढून थांबते, कारण तेवढ्यात भिंतीच्या पृष्ठभागावरून ती वाळून जाते. चढणं आणि वाळणं यांचा तो तोल असतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी ही वाळू देतात. दिवाळीला पोपडे खरवडायचे आणि नवा हात मारायचा, म्हणजे भिंत आपलं मीठ टाकून मोकळी. आमच्याकडे ओल दिसते म्हणून एका ठेकेदारानं सुचवलं की चुना काढून चार फुटांपर्यंत वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर करा. केलं. ओल दिसेनाशी झाली! कारण तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही. ती वर चढली, आणि भिंतीत गाडलेल्या खांबाच्या पाठीत शिरली. लाकूड पूर्ण भिजलं की दाबाखालची त्याची ताकद कोरड्याच्या साधारण निम्म्यावर येते, तेही कुज धरायच्या आधी.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला गिरगावातल्या एका चाळीच्या पाहणीला नेलं होतं. तिथं पाहिलेलं मला तेव्हा कळलं नव्हतं, या खांबाशी उकिडवं बसल्यावर कळलं. चाळीची पुढची गॅलरी, कठडे, कंगोरे, ब्रॅकेट, सगळं लाकडी. दरवर्षी झड खाणारं. आणि तरी खणखणीत, हातोडी मारली तर घंटेसारखा आवाज. मागच्या बाजूला, जिथं पाऊस पोचतच नाही, तिथं मोरीखालची तुळई मात्र भुसभुशीत. का? गॅलरी भिजते आणि वाळते. मोरी रोज सकाळी थोडीशी झिरपते आणि कधीच वाळत नाही. त्यात तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं, संडासाचा पाइप शेजारून गेलेला. बाहेरच्या भिंतीत पिंपळ. सरांनी सगळ्यांना तुळयांची मधली जागा तपासायला लावली होती, कारण कमाल बाक मध्ये येतो असं आपण शिकतो. लाकडी इमारत मात्र मध्ये मोडण्याआधी टोकाला कुजते.

हा प्रश्न एका चाळीचा नाही. १९६८ च्या बेडेकर समितीनंतर १९६९ चा इमारत दुरुस्ती कायदा आला आणि उपकरप्राप्त इमारतींची मोजणी झाली, तेव्हा मुंबई शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या. गिरगाव, लालबाग, परळ भागात त्यांत लाकडी सांगाड्याच्या चाळी भरपूर. (बीडीडी चाळी त्यात धरू नका, त्या काँक्रीटच्या.) दुरुस्तीत कुजलेल्या तुळईजागी लोखंडी गर्डर घालतात. ते ठीक आहे, पण मोरी तशीच झिरपत राहिली तर गर्डरचं टोकही भिंतीत गंजतं. रोग तोच, फक्त रोगी बदलला. म्हणून टेकू लावलेल्या इमारतीखालून जाताना मी आता वर बघण्याऐवजी मोरीचा पाइप शोधतो.

परदेशात तरी यांना हे जमलं का? कॅनडात व्हँकूवरला १९८०-९० च्या दशकांत बांधलेल्या हजारो लाकडी फ्लॅटांच्या भिंती कुजल्या. त्यासाठी १९९८ मध्ये माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग बसला. व्हँकूवरचा वर्षाचा पाऊस ११००-१२०० मि.मी.; आपल्या सांताक्रूझला २२०० च्या वर. २६ जुलै २००५ ला तर ९४४ मि.मी. एका दिवसात! मग तिथं नवी घरं दहा वर्षांत कुजली आणि आपल्या चाळी शंभर वर्षं उभ्या, असं कसं? तिकडच्या पाहणीत एक गोष्ट ठळक दिसली: छपराची वळचण जितकी बाहेर, तितकी भिंतीची तक्रार कमी. नव्या फॅशनच्या सपाट इमारतींना वळचणच नव्हती. पाणी भिंतीवरून वाहायचं, खिडकीच्या सांध्यातून शिरायचं, आणि आत प्लास्टिक असल्यानं वाळायचं नाही. न्यूझीलंडनं त्याच सुमारास वर कडी केली. चौकटीचं पाइन लाकूड औषध न लावता वापरायला मुभा दिली. २००२ चा हन अहवाल आला आणि २००४ पासून प्रक्रिया केलेलं लाकूड पुन्हा बंधनकारक झालं. कॅनडावाल्यांनी यातून चार पायऱ्या मांडल्या. पाणी भिंतीपासून वळवा. तरी शिरलं तर निचरा होऊ द्या. तरी राहिलं तर वाळू द्या. आणि तरीही उरलं तर लाकूडच टिकाऊ वापरा. क्रम महत्त्वाचा. आपण औषध मारण्यापासून सुरुवात करतो, म्हणजे चौथ्या पायरीपासून.

कोकणातल्या घराला हे चारही आपसूक मिळालेले असतात. उतरतं छप्पर, रुंद वळचण, पुढं पडवी, पावसाळ्यात झावळ्यांच्या झापा, उंच जोतं, चुना, साग. आणि कौलं. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौल पाणी अडवतं पण हवा सोडतं. चार माणसांच्या घरात स्वयंपाक, आंघोळ, कपडे आणि श्वास मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत जातं, ते या फटींतून निघून जातं. आपण काय करतो? वरून निळी ताडपत्री, खालून पीव्हीसी सीलिंग. गळती थांबते, पण वासे दोन्हीकडून कोंडतात. ताडपत्री चार महिन्यांपुरती ठीक, पण ती काढायला हवी. आमच्या गल्लीत काही ताडपत्र्या तीन-तीन वर्षं उतरलेल्या नाहीत.

आमच्या घराचं काय केलं ते सांगतो. ज्यानं सिमेंट लावलं होतं त्याच ठेकेदाराचा सल्ला होता, पाडा आणि आरसीसी करा. कोळीवाड्यात घर पाडणं एका दिवसाचं काम आहे, पुन्हा बांधायचे कागद आणि पैसा हे वेगळंच प्रकरण. आईचा जीव वर-खाली. आजीनं तर सरळ सांगितलं, मी हितंच. बाबांनी तिचा पलंग त्याच रात्री पुढच्या खोलीत हलवला आणि तुळईखाली दोन जॅक लावून घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता शास्त्रीय काय ते सांग." तो टोमणा होता की प्रश्न, मी विचारलं नाही.

मी या वेळी उत्तर तोंडावर फेकलं नाही. सरांना घरी बोलावलं, सुतारमामांना बोलावलं, आणि सुतारमामांची आधी माफी मागितली. दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर, काम केलं. खांबाचा खालचा दीड फूट कापला. नवीन सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घातले. साधं लोखंड ओल्या सागात काळं पडून गंजतं. जुना तळखडा खणून काढला आणि त्यावर नवा दगड बसवून लाकूड फरशीच्या वर आणलं, भोवती फरशी कापून मोकळी जागा ठेवली. बाकीच्या सात खांबांचे पाय उघडे केले. आणखी एक थोडासा गेला होता, बाकीचे ठीक. सिमेंटचं प्लास्टर खरवडून चुना केला. हे सगळ्यात कटकटीचं निघालं, कारण चुना नीट भिजवून लावणारा माणूसच मिळेना. मोरीचा तळ उचकटून नवा केला आणि पाइप भिंतीतून काढून बाहेरून नेला. आमच्या गल्लीच्या बाजूला भिंतीलगत एक अरुंद चर खणून खडीनं भरला, म्हणजे साचलेलं पाणी आधी तिथं उतरतं. शेजाऱ्यांशी त्यावरून दोन दिवस भांडण झालं.

पोटमाळ्यावरचं पॉलिथीन आणि प्लाय दोन्ही काढलं. कुजलेली दांडी बदलली. वासा वाचला. दोन्हींना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी पाजलं. ते लाकडात मुरतं आणि बुरशी, वाळवी दोघांना चालत नाही, पण पावसात धुपून जातं म्हणून फक्त आडोशाच्या लाकडाला. फळ्यांच्या फटींवर आता बाहेरून पट्ट्या ठोकल्या आहेत, म्हणजे दमट हवा बाहेरच्या, गरम बाजूलाच अडेल. आतून मात्र काही नाही, नुसती फळी, जे काही शिरेल ते खोलीकडे वाळेल. एसीवरून वाटाघाटी झाल्या. वहिनी म्हणाली, एसी काढायचा असेल तर तुम्हीच राहा वर. शेवटी पंखा लावून २६ वर तडजोड झाली. दवबिंदूच्या अगदी काठावरचाच आकडा आहे तो, पण २० पेक्षा बरा.

जुलै २०२५ मध्ये पुन्हा मीटर नेला. नवी दांडी १८. आजीच्या पलंगाशेजारचा खांब, फरशीपासून बोटभर वर, १९. दादाच्या खोलीत शिरलो तेव्हा एसी २३ वर होता. मी २६ केला आणि खाली आलो. आजीला आकडे सांगितले. तिनं खांबाजवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाली, "आता बरा हाय." मग विचारलं, गल्लीचं काँक्रीट पुन्हा होणार म्हणतात, तेव्हा काय करशील? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.